पानन् पान काढलेला लिंब

किनवटकडच्या एका वसतिगृहाचा नकाशा मी पूर्ण केला, पीडीएफ करून पाठवला, आणि थोड्याच वेळात तिथल्या अधीक्षकांचा फोन आला.

"मॅडम, नुसतं गोल फिरून राहिलंय. उघडतच न्हाई. मिस्त्री समोर उभा हाय."

लातूरला बार्शी रोडवरच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर नकाशे काढते. आता त्यातच केस पिकायला लागलेत. खरं सांगायचं तर ती फाइल माझ्याकडंही धड चालत नव्हती. माउस हलवला की रेघ मागून रमतगमत यायची. सर म्हणाले, "नवा कॉम्प्युटर घ्यावा लागतो का काय?"

"थांबा सर," मी म्हटलं. "फाइलमध्येच काहीतरी हाय."

आधी न लागणारं सामान झाडून काढलं. जुन्या नकाशांतून आलेल्या खुर्च्या, दारं, कुणाकुणाच्या घराचे जिने. जागेच्या मोजणीचं स्कॅन केलेलं चित्र खाली जोडलेलं होतं, तेही हलकं केलं. तरी फाइल जडच. मग नकाशाचे थर, म्हणजे लेअर, एकेक करून बंद करत गेले. भिंती बंद केल्या, फरक नाही. खिडक्या बंद केल्या, नाही. झाडांचा लेअर बंद केला आणि माउस सुळकन पळाला.

तो लेअर पुन्हा चालू करून कुंपणाजवळच्या एका झाडावर झूम केलं. फांद्या दिसल्या. आणखी जवळ गेले, डहाळ्या. आणखी जवळ, तर पानं, आणि पानांच्या कडेचे दातेसुद्धा. मी हात माउसवरून काढून घेतला. हा तिचा लिंब होता, पूर्वी माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मैत्रिणीचा.

आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात नोकरीला लागलो होतो. ती उदगीरची, वडिलांचं धान्याचं दुकान. रागावली की मध्येच कानडी बोलायची. काम नसेल तेव्हा खिडकीबाहेरचा कडुलिंब बघून ती कॉम्प्युटरवर काढत बसायची. "सगळे नुसता गोल काढतात अन् त्यात फुली मारतात. असं असतंय का झाड?" सर म्हणाले होते, "पोरी, कागदावर ते काळा ठिपका दिसणार. पानं बघणार कोण?" ती म्हणाली होती, "मी बघीन की."

पुढं ती लग्न होऊन नांदेडला गेली. आमच्याकडं नवा नकाशा जुन्यावरूनच सुरू होतो, त्यामुळं तिचा लिंब मात्र गावोगाव फिरत राहिला. कुठंतरी कुणीतरी ते एकसंध चित्र फोडलं, अन् त्याचं पानन् पान सुटं झालं. मग त्याच्याच नकलांवर नकला. किनवटच्या आवारात त्याची पुरी रांग होती. अधीक्षकांचा फोन बिचारा ती पानं रंगवता रंगवता थकत होता.

सगळी झाडं निवडली. डिलीट मात्र दाबवेना. तिला फोन लावला.

"काय गं, बरी हायस ना?"

"तुझ्या लिंबानं फाइल अडवलीय."

ती खळखळून हसली. "आगं बाई! अजून हाय तो? काढून टाक की."

"काढवत न्हाई."

"येडी का तू? लेकरांना खोल्या पायजेत, पानं न्हाई. गोल काढ, फुली मार." मग हळूच म्हणाली, "एखादा ठेव पण. तुझ्याकडं, बाजूला."

एक लिंब वेगळ्या फाइलमध्ये ठेवला. बाकीच्यांच्या जागी गोल आले. पीडीएफ पुन्हा पाठवली. "हाव मॅडम, उघडलं," अधीक्षक म्हणाले. "मिस्त्रीला दाखवूनच राहिलो."

त्या रविवारी मी बसनं नांदेडला गेले. कितीतरी वर्षांनी तिच्या घरी पलंगावर मांडी घालून बसले. चहा पिता पिता तिनं विचारलं, "रेघ छाटायला आता पण टी अन् आरच का?" आणि डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर असल्यासारखी चादरीवर दाबून दाखवली. मी तिच्या बोटांकडं बघत राहिले. जराही चुकली नव्हती. मग ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून काढलेल्या घरांबद्दल बोलत बसलो. कुणाचं देवघर दोनदा हलवलं, कुणाचा जिना पार शेजाऱ्याच्या अंगणात उतरला होता.