अर्जात म्हैस लिहायची राहिली

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मग सांगतो. आणि तो चहाचा कप जरा खाली ठेवा, उगाच ठसका लागायचा!

माझ्या हातनं घोटाळे पुष्कळ झाले, पण मुंबईच्या तीन बड्या माणसांनी मला पोलिसांच्या ताब्यात द्यायला फोनला हात घातला, असा घोटाळा एकच. कोल्हापूर संस्थान विलीन होऊन चारपाच वर्षं झाली होती. मी सव्वीस वर्षांचा, नवाकोरा बी.ए., आणि रंकाळ्याच्या पलीकडं एक पांजरपोळ चालवत होतो. म्हातारी, लंगडी, आटलेली जनावरं, जी मालकाला पोसवत नाहीत, ती सगळी आमच्याकडं. धर्मादाय काम. नफा शून्य, शेण अमाप! राबणारी माणसं दोनच, मी आणि माझी थोरली बहीण आक्का.

एक दिवस वैरणीच्या गंजीवर बसून पेपर वाचत होतो. जाहिरात दिसली. उद्योगधंदे कसे चालवावेत हे शिकवणारा नवा वर्ग मुंबईत निघतोय. जागा फक्त वीस! अहो, काळीज असं उडालं की मी गंजीवरनं घसरत थेट आक्काच्या पायाशी आलो.

“आक्का, ह्यो वर्ग मला पायजेच! तितनं शिकून आलो की पांजरपोळ कसा झकास चालवतो बघ. किती दिवस दारोदार वैरण मागत हिंडायचं?”

“जा की मग,” आक्का म्हणाली. “जनावरं म्या बघतो.”

आमच्याकडच्या बायका ‘मी बघतो’च म्हणतात, बरं का. आणि आक्का म्हणाली म्हणजे ती बघणारच!

अर्ज आला. चार पानं, सगळी इंग्रजी. पहिलाच प्रश्न, तुमच्या उद्योगाचं स्वरूप काय? आता आली का पंचाईत! बाकीचे उमेदवार कोण असणार? कुणी गिरणीतला, कुणी बँकेतला, कुणी बापाच्या कारखान्यातला. आणि मी लिहू काय? भाकड म्हशी? वाचणारा नाकाला रुमाल लावूनच अर्ज बाजूला टाकेल!

मग माझ्या बी.ए.नं डोकं वर काढलं. डिक्शनरी मांडीवर घेतली आणि तीन दिवस तो अर्ज घासूनपुसून लख्ख केला. संस्थेचं स्वरूप: ‘जन्मभर शेतात आणि रस्त्यावर राबून थकलेल्या श्रमिकांचं विश्रामगृह.’ खोटं आहे का सांगा? बैल राबत नाहीत? हाताखालची संख्या: बासष्ट. सगळ्यांची राहण्याजेवणाची सोय मोफत. आणि खाली ठसक्यात एक ओळ: ‘गेल्या चार वर्षांत एकही संप झालेला नाही.’

आक्काला मराठीत वाचून दाखवलं. ती शेण थापता थापता थांबली.

“ही कोण माणसं रं? आपल्याकडं कवा आलती?”

“आपलीच जनावरं हायत की.”

“मग म्हशीस्नी म्हशी लिही की, मुडद्या!”

“तुला न्हाय कळायचं आक्का. तिकडं असंच लिवायचं असतंय.”

“आणि संप झाला न्हाय म्हंतोस? काशी म्हैस चार दिस वैरणीला तोंड लावंना झालती, ते काय हुतं मग?”

मी तिला गप्प केलं. अर्ज टाकला. आणि काय सांगू, मुलाखतीचं बोलावणं आलं! मी त्या दिवशी बासष्टच्या बासष्ट जनावरांना गूळ चारला.

मुंबईला जाताना गाडीत एकच गोष्ट घोकत होतो. खोटं बोलायचं नाही, आणि म्हैस म्हणायचं नाही. बास!

तिसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलापलीकडं तिघं. मधे अध्यक्ष, एका मोठ्या गिरणीचे निवृत्त मॅनेजर, पांढऱ्या मिशांचे. डावीकडं चष्मेवाले प्राध्यापक, कामगारांचे प्रश्न हा त्यांचा विषय. उजवीकडचे गृहस्थ नुसते टिपून घेत होते. माझी दोन इंग्रजी वाक्यं ऐकली आणि अध्यक्षांनी दया केली, ते मराठीवर आले.

“बासष्ट श्रमिक, आणि चार वर्षांत एकही संप नाही?” प्राध्यापक खुर्चीत पुढं सरकले. “अहो, इथं आमचा एक महिना शांततेत जात नाही!”

“नाही साहेब. एकीनं फक्त चार दिवस अन्न सोडलं होतं.”

“उपोषण! मागणी काय होती?”

“मागणी काही नव्हती. घशात काटा अडकला होता. मी हात घालून काढला.”

“हात? तिच्या घशात?”

“कोपरापर्यंत.”

टिपून घेणाऱ्याचं पेन थांबलं. मला वाटलं, आपली छाप पडली! तुम्हाला म्हणून सांगतो, माणूस खुशीत आला की त्याची अक्कल चरायला जाते. माझी तर दावं तोडून गेली होती.

“म्हणजे तुम्ही प्रत्येकाकडं जातीनं लक्ष देता,” अध्यक्ष जरा सावरून म्हणाले.

“हो तर! रोज सकाळी एकेकाला बाहेर काढून अंग घासतो. काथ्यानं.”

“स्वतः? आणि स्त्रियांना?”

“त्यांना आक्का घासते. पण एखादी फारच दांडगी असली तर मलाच जावं लागतं.”

प्राध्यापकांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

“शिस्त कशी ठेवता?”

“त्यात काय साहेब! नाकात दोरी असते. जरा ओढली की गप्प.”

“नाकात?”

“सगळ्यांच्या नाही हो! जे मारके, त्यांच्याच.”

“आणि रात्री ही मंडळी…”

“बांधून ठेवतो. नाहीतर शेजारच्या उसात शिरतात.”

प्राध्यापक ताडकन उभे राहिले. खुर्ची मागं धाडकन पडली! “साहेब, हे विश्रामगृह नव्हे, ही वेठबिगारी आहे! म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या नाकात दोऱ्या घालून हा मनुष्य हसत हसत सांगतोय!”

अध्यक्षांचा हात फोनवर गेला. “कामगार खात्याला कळवतो. छे, आधी पोलीस!”

आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं इंग्रजी, सगळं पुणेरी वळण गेलं उडून.

“साहेब, थांबा! माणसं न्हाईत हो ती! म्हशी हायत! म्हशी! बैल! गाई!”

फोनवरचा हात काही हलेना. तिघांचाही विश्वास बसला नव्हता! आता पटवायचं कसं? पुरावा काय देणार? मग मी… अहो, आत्ता सांगतानासुद्धा कानशिलं तापतात… मी हंबरलो!

होय. मुंबईत, तिसऱ्या मजल्यावर, उसना कोट घालून, पोटापासनं हंबरलो! दाराबाहेरच्या शिपायानं आत डोकावून बघितलं. बाकावर बसलेले उमेदवारही उठून त्याच्या मागं उभे राहिले.

पहिल्यांदा हसले ते उजवीकडचे. मग अध्यक्ष. असे हसले की मिशा ओल्या झाल्या. प्राध्यापकांनी मात्र आधी खुर्ची उचलली, तिच्यावर बसले, आणि मग बसून हसले.

हसू ओसरल्यावर अध्यक्षांनी विचारलं, “खरंच दोघंच सांभाळता बासष्ट जनावरं?”

“व्हय.”

“आणि वैरण?”

“गुऱ्हाळं लागली की गावोगाव हिंडून उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मागून आणतो. बदल्यात शेतकऱ्यांना खत देतो. वाडं संपलं की गगनबावड्याकडनं गवत.”

“दुष्काळात?”

“एकही उपाशी मेलं नाही साहेब.”

त्यांनी प्राध्यापकांकडं बघितलं. “अहो, हे ऐकायलाच तर आपण सकाळपासून बसलोय! गिरणीतली माणसं रोज येतात. पदरी काही नसताना संस्था चालवणारा हा पहिलाच.” मग माझ्याकडं वळले. “हे लिहिलं का नाही?”

“लाज वाटली.”

त्यांनी माझा अर्ज मिटला. अगदी हळू मिटला. “नफा नाही, याची आम्हाला अडचण नव्हती. आता या चार पानांतलं खरं कुठलं धरायचं, ही अडचण आहे.”

मान खाली घातली आणि जिना उतरलो.

जागा मिळाली नाही, हे सांगायला नकोच. आक्काला सगळं सांगितलं. हंबरलो ते सांगितल्यावर ती गोठ्यातच मटकन बसली आणि पदर तोंडात धरून इतकी हसली, की म्हशी दावं ओढायला लागल्या.

दोन महिन्यांनी कोल्हापूर स्टेशनवरनं निरोप आला. तुमच्या नावावर जनावर आलंय, घेऊन जा. आक्काला घेऊन गेलो, तर डब्यात एक उंच पांढरा घोडा! गळ्यात पाकीट, पाकिटावर अध्यक्षांचं नाव. त्यांच्या बग्गीचा घोडा होता तो. आत एकच कागद. तिथंच फलाटावर आक्काला वाचून दाखवला:

‘वय एकवीस. मागच्या पायानं लंगडतो. कामाचा उपयोग नाही. अनोळखी माणसाला चावतो. कृपया प्रवेश द्यावा.’

“बघ,” आक्का म्हणाली. “ह्याला म्हंत्यात अर्ज!”

खरं होतं हो. मुलाखत न घेता मी त्याला तिथल्या तिथं प्रवेश दिला. लगाम धरायला हात पुढं केला, आणि तो कडकडून चावला!

ओरडलो. पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? त्यानं अर्जात लिहिलं होतं की!