वाटीभर तुपातला शिरा

शहराच्या गुलमंडी बाजारातल्या कापडदुकानांमागचा जिना चढून गेलं, की पुंडलिकरावांची रक्ततपासणीची खोली लागते. सव्वीस वर्षे झाली. समोरच्याचं नाव नि गाव विचारल्यावाचून त्यांनी सुई हाती धरलेली नाही. यंत्र सुरू करण्याआधी ते त्याला हात जोडतात. त्याच्या पोटात कुणाच्या तरी जिवाचा अंश जाणार असतो ना! ओठी नाम, अंगी नम्रता, आणि डोळ्यांत पहारेकऱ्याची जाग.

त्या सकाळी पाचोडहून वच्छलाबाई सुनेला घेऊन आल्या. रूपाला आठवा महिना लागलेला. हिमोग्लोबिन दहाच्या वर निघालं तरच बाळंतपण गावात, नाहीतर शहरातल्या इस्पितळात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासूला सून डोळ्यांपुढं हवी होती.

"साहेब, रक्त चांगलं निघू द्या बरं."

"ते माझ्या हातात नाय, मावशी. पांडुरंगाच्या हातात!"

यंत्रानं आकडा दिला : ११.१. वच्छलाबाईंचा चेहरा उजळला. पुंडलिकराव मात्र खालच्या एका ओळीशी अडले. तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन किती दाट भरलं आहे, ते सांगणारी ती ओळ. छत्तीसच्या वर ते पेशीत सहसा मावतच नाही, आणि इथं अडतीस! त्यांनी रक्ताची नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घातली. पेशी तळाला बसल्या. वरचं पिवळसर पाणी दुधासारखं गढूळ.

"रूपाताई, सकाळी काय खाल्लं?"

रूपानं सासूकडं पाहिलं.

"शिरा," वच्छलाबाईच बोलल्या. "चारला उठून केला. रक्त द्यायचं म्हणून वाटीभर तूप घातलं. पोरीनं रक्त धरावं, दुसरं काय!"

पुंडलिकरावांना गलबलून आलं. अहवालावर सही केली असती, तर ही माउली खोटा आकडा घेऊन हसत गावी गेली असती.

"मावशी, तुमच्या मायेनं यंत्र फसलं. रक्तात तूप उतरलंय. तो गढूळपणाच यंत्रानं हिमोग्लोबिन म्हणून मोजला. उद्या उपाशीपोटी आणा."

"दोन जिवांची पोर उपाशी ठेवू? लई शहाणे हाव तुम्ही!"

"रात्री साधी भाकर-भाजी द्या. सकाळी सातला सुई निघाली, की पहिला चहा माझ्याकडून."

शहरातल्या भाच्याकडं मुक्काम करून दोघी दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला हजर. या खेपेला वरचं पाणी नितळ होतं. हिमोग्लोबिन नऊ, पेशींतली दाटी एकतीस. पेशी फिकट होत्या. अंगात लोह कमी असावं.

वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "म्हंजी माझ्याच हातानं पोरीचा घात होत व्हता?"

"घात कसला? अजून दीड-दोन महिने हातात हायेत. हा कागद डॉक्टरीणबाईंना दाखवा, औषध त्या देतील. बाळंतपण मात्र इथंच शहरात करा. तुम्ही उशाशी बसा की!"

म्हातारीनं कागद घडी घालून कमरेला खोचला. मग पिशवीतून तिनं डबा काढला.

"तुपातलाच हाय. आता तरी देऊ का?"

"आता पोटभर द्या."

रूपानं झाकण आधीच उघडलं होतं.