सरळ केलेली काठी

"आदी भिऊन घे, मंग पाय टाक," असं ती म्हणायची, आणि हातातली तिवराची काठी चिखलात टेकवून दोन घटका डोळे मिटायची. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असेल. एकदा विचारलं तर म्हणाली, "देव कशाला मधी? भिते." रोज खाडीत उतरण्याआधी ती अशी मन लावून भ्यायची. आपण आंघोळ करतो तितक्या नेमानं.

न भिणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील, त्यांच्याविषयी लिहिणारेही पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते एका भिणाऱ्या बाईविषयी.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. घिवलीच्या अलीकडे सुरूच्या झाडांखाली आमच्या मोजणीचे चार तंबू लागले होते. मी घाटावरचा, नुकता नोकरीला चिकटलेला. खुंट्या ठोकायच्या, साखळी ओढायची, साहेबांच्या शिव्या खायच्या, एवढं माझं काम. पोहता येत नाही ही गोष्ट मी लपवून ठेवली होती. बोईसरहून बैलगाडीनं शिधा यायचा, म्हणजे बटाटे यायचे. तिसऱ्या आठवड्यात बटाटा बघितला की मला रडू फुटायचं. डोक्यावर टोपली घेऊन तंबूवरून जाणाऱ्या या पन्नाशीच्या मावशीनं एक दिवस आमच्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काय रे खाता तुमी? ये रविवारचा माज्यासंगट."

तेव्हापासून दर रविवारी मी तिच्या मागं. चिखलातून उड्या मारणाऱ्या निवट्या नावाच्या मासोळ्या कशा पकडायच्या, तिवराच्या मुळांत शिंपल्या कुठं लपतात, चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळात हात कुठल्या अंगानं घालायचा, सगळं तिनं शिकवलं. पहिल्यांदा बिळात हात घातला तेव्हा आत काहीतरी हललं आणि मी बोंब ठोकली. ती हसली नाही. "भिलास? ब्येस. आता घाल," म्हणाली. संध्याकाळी तंबूपुढं चूल मांडून चिंबोऱ्यांचा रस्सा केला, तेव्हा साहेबसुद्धा पाटा-वरवंटा शोधायला उठले. खरं सांगतो, इतकं घाबरून इतकं सुख मला पुढं कधी मिळालं नाही.

ती हसायची ती न भिणाऱ्यांना. का, ते एकदाच म्हणाली. "माजी थोरली भईन होती ना, ती नाय भ्यायची." एवढं बोलून खाडीकडं बोट केलं.

आता त्या काठीचं सांगतो. खाडीच्या मधोमध एक लांबट खडक होता, दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांनी, म्हणजे कालवांनी, भरलेला. ओहोटीला तिकडं जाताना खाडीचा एक बारका फाटा ओलांडावा लागायचा. पाणी घोट्याएवढं. पण भरती लागली की पुढचा खडक कोरडा असतानाच हा मागचा फाटा गुपचूप भरायचा. म्हणून फाटा ओलांडला की ती पाण्याच्या कडेला काठी खोचायची, आणि खडकावर कालवं फोडता फोडता दर थोड्या वेळानं मान वळवून बघायची. काठीचं बूड भिजलं की उठायचं. टोपली रिकामी असली तरी उठायचं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, हिचं काहीतरी व्रत असेल.

पौषातला रविवार होता. दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणजे पाणी खूप खाली जाणार आणि तेवढंच वेगानं वर येणार. उजाडता उजाडता आम्ही निघालो. फाटा ओलांडून ती काठी खोचून पुढं गेली. मी फाटा ओलांडून मागंच थांबलो, घसरलेली विजार पुन्हा गुडघ्यावर दुमडत होतो. बघतो तर काठी मऊ चिखलात पार कलंडलेली. आता मोजणीत सहा महिने काढलेल्या माणसाला वाकडी खुंटी बघवते का हो? खुंटी ओळंब्यात नसली की साहेब सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मी ती उपटली, दहा-बारा पावलं वर, खडकाच्या अंगाला घट्ट जागा बघून रोवली, दगडानं ठोकली, एक डोळा मिटून पाहिली. सूत सरळ. मला अगदी बरं वाटलं.

त्या दिवशी कालवं भरपूर होती. ती कोयतीनं टवके उडवत होती, मी टोपलीत भरत होतो. मधूनच ती मागं बघायची, काठी कोरडी बघून पुन्हा कामाला लागायची. चौथ्यांदा की पाचव्यांदा बघितलं आणि तिचा हात थांबला. काठी कोरडीच होती. पण पाणी चढलं की चढतात तशा निवट्या चिखल सोडून तिवराच्या मुळांवर चढून बसल्या होत्या.

"पोरा, टोपली टाक."

"अहो, भरली आहे ती..."

"टाक म्हनते ना मेल्या!"

तिचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. पळत आलो तर फाटा उरलाच नव्हता. गढूळ पाणी जोरात आत चाललं होतं, पलीकडचा काठ दुप्पट लांब गेला होता.  मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा आईला हाका मारायला लागलो. लाज कसली लपवायची आता.

तिनं माझा दंड धरून ओढलं. कमरेइतकं, मग छातीइतकं. खालचा चिखल पाय धरून ठेवायचा, वरचं पाणी पुढं ढकलायचं. मध्यावर माझा पाय सुटला आणि मी तिच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही पाण्याखाली गेलो. कानावर फाडकन बसली.

"गल्याला नको! खांदा धर! मीबी भिते, तूबी भी, पन गला सोड!"

खांदा धरला. ती थरथरत होती, माझ्याइतकीच. नाकातोंडात खारं पाणी, आणि तिचं एकसारखं पुटपुटणं, "आलो, आलो, आलो." कधी पाय टेकले, कळलं नाही.

काठावर बराच वेळ आम्ही पडून राहिलो. मग ती उठून बसली, पलीकडं बघत राहिली. काठीचं बूड आत्ता कुठं भिजत होतं. "लांब खोचली मी," ती हळू म्हणाली. "पान्याची कड दिसली नाय मला. नजर गेली रे माजी. तुला मारला असता आज."

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण ती काय म्हणेल, गाव काय करेल, साहेब काय करतील... पाण्याच्या भीतीतून सुटून मी या भीतीत पडलो, आणि गप्प बसलो.

त्यानंतर ती खाडीत उतरली नाही. अंगणात बसून सुकट निवडायची. बाया टोपल्या घेऊन जाताना हाक मारायच्या. ही म्हणायची, "डोलं गेलं बाय, कुना लेकराचा जीव जायचा." सुनेनं वाढलेली पेज मुकाट्यानं प्यायची. मी लांबून बघायचो आणि दुसऱ्या वाटेनं जायचो.

दोन महिन्यांनी तंबू उठायचा हुकूम आला. निघायच्या आदल्या दिवशी गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "मावशी, काठी मी हलवली होती. वाकडी होती म्हणून वर नेऊन सरळ केली. तुमची चूक नव्हती."

 तिचे डोळे भरून आले. आत वळून म्हणाली, "बग गो सूनबाय, हा पोर. जाताजाता माज्यासाठी खोटा बोलाय आला."

"आईची शपथ, मावशी!"

"आयशीला मधी नको घालू. काठी वाकडी हाय म्हून कोन उपटतो का रे?"

तेवढ्यात वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांवर घार झेपावली. हिनं बसल्या जागेवरून खडा फेकला आणि घारीच्या पंखाला लावला.

"बघा! दिसतंय की तुम्हाला!" मी ओरडलोच.

"घार येगली, पानी येगला," ती म्हणाली. "चल, खाडीवर जाऊन बगू," असं म्हणेल म्हणून मी थांबलो. ती कुडाच्या मेढीला धरून उठली, खाडीकडं पाहिलं, आणि मेढ काही सोडली नाही. उलट मलाच पोटाशी धरून म्हणाली, "नको वाईट वाटून घेऊ. व्हतं असा म्हातारपनात." निघताना सुकटीची पुडी दिली. मी ती घेतली.

वर्षभरानं बोईसर स्टेशनवर आमचा तो शिध्याचा गाडीवान भेटला. ती गेल्या पावसाळ्यात गेली म्हणाला. अंगणाबाहेर पडलीच नाही शेवटपर्यंत. "एवडी खाडीतली बाय, काय झाला हो तिला? तुमी व्हते ना तवा?"

गाडी यायची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली.

"डोळे गेले होते म्हणे," मी म्हणालो.