उरलेला अर्धा शब्द

मोहाडीच्या बाजारात मी जिच्याकडून मासोळी घेतो, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती मला भाऊ म्हणते, तेवढं पुरतं.

घाईच्या माणसानं तिच्याकडे जाऊ नये. शेजारी पोत्यावर तिची तीन वर्षांची नात बसते. पोर अजून बोलत नाही, नुसतं बोट दाखवते. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, ते ठीक निघाले. "तिच्याशी बोला आणि थांबा. तिच्या वाटचं तुम्ही बोलू नका," असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून ही मूठभर झिंगे पोरीच्या डोळ्यांसमोर धरते, "हे काय हाये माय? झिं..." म्हणते आणि थांबते. पोर ओठ हलवते, पण आवाज येत नाही. न राहवून कोणी गिऱ्हाईक "झिंगे!" म्हणालं, की ही भडकते.

मागच्या बाजाराला ते गिऱ्हाईक मीच होतो.

"तुमाले कोनं इचारलं भाऊ? थांबा जी!"

पोत्यावरून बारीक आवाज आला, "जी."

बाईच्या मुठीतून झिंगे गळाले. "आयकलं का? आजी म्हनून राहिली मले!"

तो 'जी' 'थांबा जी'तला होता, हे मला कळलं. पण आता मी गप्प राहिलो.

ती पोरीपुढे वाकली. "आ..." म्हणाली आणि थांबली. मागे चार गिऱ्हाइकं पिशव्या धरून उभी होती. तीही सगळी थांबली.