सिस्टरचा पहिला पाहुणा

आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि तीही पातळ. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पलीकडे झालेलं भांडण मी ऐकलं, यात माझा काही दोष नाही. कान भिंतीला लावला होता, एवढंच.

"आई, घर विकून टाकू. तू माझ्याकडे राहायला ये," मुलगा म्हणत होता.

"तुझ्याकडे मी पाहुणी होईन रे. त्यापेक्षा माझ्याकडेच पाहुणे येऊ देत!"

ही आई म्हणजे माझी धाकटी जाऊ. चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती, म्हणून घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणतात. नवरा गेला, नोकरी संपली. उरली ती आणि वरची रिकामी खोली. माझ्या नातीनं त्या खोलीचे फोटो काढून फोनवर टाकले, परदेशी प्रवाशांना चार-चार दिवस भाड्यानं द्यायला. सिस्टरच्या मुलानं तोंड वाकडं करून अट घातली, "पहिल्याच पाहुण्यानं फोनवर वाईट लिहिलं तर घर विकायचं. मग कुरकुर नको."

"नाही करणार."

पहिला आला तो एक उंच, पिकल्या केसांचा मास्तर. दोन विमानं बदलून आलेला. पाठ टेकली तसा मेल्यासारखा झोपला.

सकाळी सहाला सिस्टर सवयीनं चादर बदलायला वर गेली. हाक मारली, उत्तर नाही. जादा किल्लीनं दार उघडलं. पेशंट पलंगावर असताना चादर बदलणं म्हणजे तिच्या हातचा मळ. "कुशीवर वळा," म्हणाली. आपल्या भाषेचा गंध नसलेला तो गृहस्थ मुकाट्यानं वळला! तिनं चादर घातली, कोपरे ताणून दुमडले, नाडी पाहिली आणि खाली येऊन मला सांगितलं, "जाऊबाई, बहात्तर. उत्तम आहे."

नातीनं कपाळावर हात मारला. "सिस्टरआजी, पाहुणा झोपलेला असताना असं आत शिरायचं नसतं! तक्रार करेल ना तो!"

सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला. "वॉर्डच वाटला गं मला."

उरलेले तीन दिवस ती जिना चढलीच नाही. चहाचा ट्रे माझ्या गळ्यात. मी गुडघे धरत चढायची. मास्तर हसायचा, मी हसायची, कळायचं कुणालाच काही नाही. जाताना त्यानं सिस्टरचा हात बराच वेळ धरून ठेवला.

"नाडी बघतोय वाटतं," मी म्हटलं. पण तिला हसू येईना.

दोन दिवसांनी त्यानं लिहिलेलं फोनवर आलं. मुलगाही येऊन बसला होता, पाय हलवत. नात वाचू लागली, "यजमानीणबाई न विचारता खोलीत येतात..."

सिस्टरनं डोळे मिटले. मुलगा नुसता "हं" म्हणाला.

"पुढे वाच की, अडकलीस काय!" मी ओरडले.

"...मला जाग आली होती. पण बायको गेल्यापासून माझं अंथरूण असं कुणी नीट केलं नव्हतं, म्हणून पडून राहिलो. पुढच्या वर्षी महिनाभर येतोय. फक्त सहाऐवजी आठला यावं." नात ओरडली, "सिस्टरआजी, पाचपैकी पाच तारे!"

सिस्टरनं आणि मी एकदमच श्वास सोडला. मुलगा उठला, जरा खाकरला. "बरं आई. राहा इथेच."

"आणि आठला काय? आठला तर डॉक्टरांचा राउंड असतो!" सिस्टर लगेच मूळ पदावर.

आता रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून तिच्या चपला जिना चढताना ऐकू येतात. दिवसाचं शेवटचं काम. दारावर तीनदा टकटक, आतून उत्तर येईपर्यंत थांबायचं, पाण्याचा जग भरायचा, खिडकीची कडी बघायची. मग खाली येऊन जुन्या वॉर्डाच्या वहीत लिहायचं: पाहुणे ठीक. तक्रार नाही.