एका फोटोत तीन बाया

माणसाची ओळख पटल्याशिवाय ज्ञानाला पाया लाभत नाही. हे वाक्य माझं आहे. आमच्या संकेतस्थळावर नियमांच्या पानाच्या माथ्यावर ते ठळक अक्षरांत आहे. ज्ञान म्हणजे इथं बोलीतल्या शब्दांची यादी, आणि 'पाया' हा शब्द दुसरा सुचला नाही म्हणून आला. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आणि निवृत्त माणसाला ठळक अक्षरांत लिहायची संधी बीडमध्ये रोज मिळत नाही.

संकेतस्थळाची रीत साधी होती. मराठवाड्यातला कुठलाही शब्द कुणीही घालावा, अर्थ लिहावा. आणखी दोन सभासदांनी 'बरोबर' म्हटलं की तो पक्का. शब्दाखाली देणाऱ्याचं नाव येई. मग एका गृहस्थानं स्वतःच रचलेले शब्द स्वतःच्याच पाच खात्यांतून पक्के करून घेतले, आणि पडताळणी समिती नेमावी लागली. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य, जे 'नमस्कार'सुद्धा ठराव मांडल्यासारखा म्हणत. तांत्रिक बाजू बघणाऱ्या पुण्याच्या एक बाई. आणि मी.

त्या हिवाळ्यात ऊसतोडीचे शब्द येऊ लागले. देणारी बाई एकच, पाटोदा तालुक्यातली. असे अर्थ मी कुठल्या कोशात वाचले नव्हते. 'आळा : मोळी बांधायला वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याचा, दिलेला पीळ. ढिला बसला तर बाई नवी आहे समजावं.' 'चुंबळ : मोळीखाली डोक्यावर घ्यायची कापडाची वेटोळी. चांगल्या लुगड्याची करत नाहीत.' 'कोपी : फडावर राहायची पाचटाची झोपडी. आत ताठ उभं राहता येत नाही, म्हणून बसून भांडतात.' दर वेळी त्याच दोन बायका 'बरोबर' म्हणत.

पुण्याच्या बाईंनी कळवलं की तिन्ही खाती एकाच फोनवरून चालतात. आम्ही पत्र धाडलं : सात दिवसांत ओळखपत्र चेहऱ्याजवळ धरून फोटो पाठवावा, अन्यथा खाते बंद होईल. तिसऱ्याच दिवशी फोटो आला. एकच. त्यात तीन बाया कोपीपुढं उभ्या, प्रत्येकीनं आधार कार्ड हनुवटीखाली धरलेलं. मधलीचं कार्ड उलटं होतं.

"एक फोन, एक फोटो," अध्यक्ष ऑनलाइन बैठकीत म्हणाले. "तीन नावांचा कर्ता एकच, याहून स्पष्ट पुरावा कोणता?"

"पत्ता पाटोद्याचा आणि फोन कर्नाटकच्या सीमेवर," पुण्याच्या बाई म्हणाल्या. "मला हे सगळंच संशयास्पद वाटतं."

त्यांना तसं वाटणं मी समजू शकतो. मी बीडचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्या दारावरून ऊसतोडीला, पार कर्नाटकापर्यंत, ट्रक जातात, वर माणसं, भांडी, शेळ्या, कोंबड्या. टोळीतल्या चार कोप्यांत मिळून एक चालता फोन असतो आणि फोटो काढायचा तर सगळ्यांनी मिळून काढायचा असतो, हे मला सांगायला कुणी नको होतं. आम्ही नियमांत 'एका माणसाचं एकच खातं' असं लिहिलं होतं. त्या तिघींनी ते अक्षरशः पाळलं होतं. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." ठराव एकमतानं झाला.

खाती बंद झाली, शब्द पुसले गेले. पण शब्द खरे होते, हे मला माहीत होतं. म्हणून मी ते माझ्या खात्यातून पुन्हा घातले. शब्द वाचवतोय, अशी माझी समजूत होती. प्रत्येक अर्थातलं दुसरं वाक्य तेवढं काढलं, कोशाला शोभत नाही म्हणून.

उन्हाळ्यात एक मेल आला. 'सर, सासूबाई विचारतात त्यांचं नाव कावून दिसत नाही. त्यांना वाचता येत नाही, पण नाव कुठं असतं ते माहीत आहे.' खाली गावाचं नाव होतं.

मी एसटीनं पाटोद्याला आणि तिथून रिक्षानं गेलो. सांगणारी सासू होती, टाइप करणारी सून. तिसरी शेजारीण, पडताळणीला. आमच्या समितीपेक्षा बरी समिती होती ती, चूक निघाली तर तिथल्या तिथं भांडत.

"मावशी, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"मावशी कावून म्हनताव? तुमीच मोठे दिसताव." मग सुनेला म्हणाली, "दाव गं यान्ला."

सुनेनं फोनवर 'आळा' काढला. बाईनं शब्दाखाली बोट ठेवलं. "हितं माझं नाव हुतं. आता कुनाचं हाय?"

"माझं."

"बरं." तिनं काचेवरचं बोट उचललं. "तुमी कोन्या फडात हुताव, सर?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मला चहा दिला. मी सांगितलं की पुन्हा एकेकटीचा फोटो पाठवला तर मी स्वतः मंजूर करून घेईन.

"एकदा उभं ऱ्हायलो की कार्ड धरून. तवा आमी न्हवतो का?"

"होतात."

"मंग?"

आणखी शब्द आहेत का, हे मी निघताना विचारलं. विचारायला नको होतं.

"लई हायेत," ती म्हणाली. "पर तुमाला न्हाई सांगायची."

बीडला येऊन मी बैठक बोलावली आणि सगळं सांगितलं. अध्यक्षांनी खेद व्यक्त करणारा ठराव तीन परिच्छेदांत लिहिला. पण शब्दाखालचं नाव बदलता येत नाही. ज्याच्या खात्यातून शब्द आला त्याचंच येतं, व्यवस्था तशीच बांधलेली आहे. शब्द पुसून पाटोद्याच्या बाईनंच पुन्हा घालायचे तर पडताळणी हवी, आणि दुसरा फोटो कधी आला नाही. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात मी 'स्रोत : स्थानिक' असं लिहिलं. तिचं नाव लिहायला तिची परवानगी लागली असती, आणि ती मागायला पुन्हा पाटोद्याला जायचं धाडस मला झालं नाही. काढलेली दुसरी वाक्यं परत घातली. ती आता माझ्या नावावर आहेत, आणि वाचक कळवतात की माझी शैली सुधारली आहे.

वर्षअखेर संकेतस्थळ आपोआप विषयवार तज्ज्ञांची यादी काढतं. ऊसतोड या विषयात पहिलं नाव माझं आलं. ऊस मी आजवर फक्त रसवंतीत, आलं-लिंबू घालून, घेतला आहे.