बुचाची जमीन

डॉक्टरांनी आईला घरात चपला घालायला सांगितल्या. गार लादीवर तिचे पाय आखडायचे. सकाळी भिंतीला धरून ती न्हाणीपर्यंत जायची. मी मऊ चपला आणल्या. त्या दाराबाहेरच राहिल्या.

"घरात देव हाय. देवाम्होरं पायताण घालून हिंडू व्हय?"

मग मी जमीनच बदलायची ठरवली.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. वडलांनी बाजारात गोणी वाहून शिकवलं. सीवूड्सचा हा फ्लॅट माझ्या नोकरीवर घेतलाय, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्यामुळे निवडही नीट वाचून, विचारून केली. गालिचा पावसाळ्यात कुबट वास मारतो. लाकूड पायाला कडक. कॉर्क म्हणजे बाटलीला असतं ते बूच, झाडाची साल. पायाखाली किंचित दबतं, गार पडत नाही.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, इकडे कोण घालत नाय हे. लाकडासारखी दिसणारी टाईल घ्या, सेम टू सेम."

"दिसायला नकोय. आईच्या पायांना हवंय."

हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत कॉर्क बसवलं. पाणी सांडतं म्हणून स्वयंपाकघरात लादीच ठेवली. दुसऱ्या दिवशी महापेच्या ऑफिसातून घरी आले, तर सगळ्या कॉर्कवर जुन्या चादरी अंथरलेल्या. आणि आई स्वयंपाकघरात, गार लादीवर बसून भाजी निवडतेय.

"आई, हे कुणासाठी केलंय मी?"

"नवी हाय गं. पाव्हणं येतील तवा चादरी काढू."

"चादरीवरून घसरलीस म्हणजे?"

"तू नको शिकवू मला चालायला."

रोज संध्याकाळी मी चादरी घडी करायची, रोज सकाळी ती अंथरायची. भांडायलासुद्धा अंगात जोर उरत नव्हता. ऑफिसात दिवसभर लोकांना समजावायचं, घरी येऊन आईला.

एका संध्याकाळी चादरी काढून कॉर्कवरच जेवायला बसले. हात इतका जड झाला होता की आमटीची वाटी उचलताना निसटली. आईनं धावत येऊन पुसलं, पण हळदीचा पिवळा डाग काही गेला नाही.

"झालं! एवढी शिकलीस, वाटी धरता यीना."

मी हात धुतले. तशीच झोपले.

दुसऱ्या दिवशी आले तर चादरी कपाटात. डागाच्या शेजारीच आई पाय पसरून मटार सोलत होती. मी बघत उभी राहिले, तशी म्हणाली, "आता काय ऱ्हायलंय त्यात जपायसारखं? बस. गरम हाय खालनं."

मी पर्स न काढताच तिच्याजवळ टेकले.